कागदाची उलटी बाजू

प्रिय ताई,

हे जाडजूड पाकीट हाती पडल्यावर भाऊजी नक्की म्हणाले असतील, की मास्तरांनी परीक्षेचे पेपर तपासायला इकडे धाडले की काय. त्यांना सांग, पेपरच आहे, पण तो तपासायचा तुलाच. आणि भाचीला सांग, नेहमीसारखी मांडी ठोकून, घसा साफ करून बसू नकोस; मामाच्या या पत्रात तुझं काही काम नाही. ती फुगेल. गेली दहा-बारा वर्षं माझं प्रत्येक पत्र तिनेच तुला वाचून दाखवलं, तेही माझ्या आवाजाची नक्कल करत, मध्येमध्ये माझ्यासारखं खाकरत. तिच्यावर माझा राग नाही. उलट तिचं वाचन इतकं छान, की मी लिहितानाच तिच्या तोंडात शोभेल असं लिहायला लागलो होतो. हवापाणी, गुडघेदुखी, मुलांचे निकाल. चारचौघांत वाचता येईल तेवढंच.

ते सगळं तुला फोनवर कळलेलंच आहे. तुझ्या भावजयीचा गुडघा आता बरा आहे, थोरला नोकरीवर रुजू झाला, धाकटीला अजून गणिताचा कंटाळा आहे आणि तिचा बाप गणिताचा मास्तर आहे. जे फोनवर सांगता आलं नाही ते या पत्रात आहे. दोनदा सुरुवात केली होती मी. दोन्ही वेळा तू पहिल्याच वाक्याला विचारलंस, "काय रे, आवाज का असा?" आणि मी म्हणालो, सर्दी. दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं काढलेल्या बाईशी फोनवर बोलायचं म्हणजे सोपं नव्हे. समोरचा नुसता 'हॅलो' म्हणाला तरी तो जेवलाय की उपाशी हे तुला कळतं. म्हणून लिहायचं ठरवलं.

आमच्या नववीत यंदा एक मुलगी आली. तिला अजिबात दिसत नाही. वर्गातली मुलं तिला टिचकी म्हणतात, कारण नव्या खोलीत शिरली की ती आधी दाराला एक टिचकी मारते, मग बाकाला, मग भिंतीला, आणि खोली केवढी आहे ते ओळखते. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण तिला ते इतकं आवडलं की आता वहीवरही ती तेच लिहवून घेते. वडील नाहीत. आई शाळेचे गणवेश शिवते. आठवीपर्यंत एका छोट्या शाळेत निभावलं, ती शाळा बंद पडली, आणि आई तिला घेऊन आमच्या मुख्याध्यापकांपुढे येऊन बसली. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. त्यांना निकालाची काळजी. त्यांचं म्हणणं असं, की भाषा, इतिहास ठीक आहे, ऐकून होईल. पण गणित, भूमिती, आलेख कसं करणार? तिला तिकडच्या निवासी शाळेत घाला, तिथे यांची सोय असते. तिकडे म्हणजे रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र. आईच्या आधी टिचकीच बोलली. म्हणाली, "सर, मी गेले तर आईला सुई कोण ओवून देणार?" मग तीच हसली आणि म्हणाली, "खरंच मी ओवते. जिभेने."

शेवटी तोडगा निघाला तो असा. वरच्या कार्यालयाने शिक्षकांसाठी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, न दिसणाऱ्या मुलांना सर्वसाधारण वर्गात कसं शिकवायचं याचं. आमच्या शाळेतून मी जायचं. परत आल्यावर नववीला गणिताचा एक तास घ्यायचा, तो पाहायला कार्यालयातून अधिकारी येणार. टिचकी त्या तासाला वर्गाबरोबर चालली, तर ती इथेच दहावीपर्यंत राहील. नाही चालली, तर निवासी शाळेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या खणात भरून तयारच होता. एका पस्तीस मिनिटांच्या तासावर पोरीची दोन वर्षं टांगलेली. आणि जाता जाता मुख्याध्यापक मला हळूच म्हणाले, की तास चांगला झाला तर या भागातल्या चाळीस शाळांचा मार्गदर्शक शिक्षक म्हणून तुमचंच नाव जाणार आहे. मला ते ऐकून बरं वाटलं, ताई. कशाला खोटं बोलू? पन्नाशीला आलेल्या मास्तराला कुणी नवं काही देऊ म्हटलं की बरंच वाटतं.

मुख्याध्यापकांनी मलाच का निवडलं हे मी त्यांना विचारलं नाही. तुझ्याबद्दल त्यांना काही माहीत नाही. पण त्या दिवशी घरी येताना मला सारखी आपल्या गावच्या शाळेची ती एक खोली दिसत होती. चौथी आणि सहावी एकत्र, एकच फळा, गुरुजींनी मधोमध मारलेली खडूची रेघ. डावीकडे आमचं, उजवीकडे तुमचं. तुझे डोळे उतरत चालले होते आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. गुरुजींना कळलं तर अण्णा शाळा सोडवतील म्हणून तू मला शपथ घातली होतीस. मी चौथीचा असून सहावीच्या शेवटच्या ओळीत बसायचो, म्हणजे बरोबर तुझ्या पाठीमागे, आणि तुमच्या बाजूचा फळा तुला कुजबुजत वाचून दाखवायचो. ओठ न हलवता बोलायची ती कला मला अजून येते. त्या वर्षी मला सहावीचं अख्खं गणित पाठ झालं. लोक म्हणतात मास्तरांना गणिताची देणगी आहे. देणगी कसली, तुझ्या पाठीमागे बसून शिकलेलं आहे ते. तू मला शेपूट म्हणायचीस, आणि मुलं मला ताईचा पोपट म्हणायची.

प्रशिक्षणाला आम्ही बत्तीस जण होतो. शिकवणारे सर साठीचे, त्यांना स्वतःला दिसत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं. एकाने हातातली आकृती सांगायची, दुसऱ्याने ऐकून काढायची. माझ्या पाठीला भूगोलाच्या एक बाई होत्या. मी सांगितलं, "हे असं घ्या, इथून असं वर न्या, आणि हे इकडे जोडा." माझा होता समांतरभुज चौकोन. बाईंची निघाली कोंबडी. चोचीसकट. सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गातली मुलं फळा पाहून शिकतात, तुमचं ऐकून नाही. निम्मं काम तुमचा फळाच करतो." आणि नियम घातला: पंधरा दिवस 'हे', 'ते', 'इथे', 'असं' बंद. ज्या वस्तूचं, ज्या बाजूचं, ज्या बिंदूचं जे नाव असेल ते घ्यायचं. चुकलं की एक उठाबशी. ताई, पहिल्या तीन दिवसांत मी एकशे चाळीस उठाबशा काढल्या. तुझ्या भावजयीचा गुडघा बरा झाला आणि माझा गेला. मी त्यांना भीत भीत विचारलं, की मला 'बघा' म्हणायची सवय आहे, मुलं मला बघा-सरच म्हणतात, तो शब्दही सोडू का? ते म्हणाले, "तो कशाला सोडता? मीही काल नाटक बघून आलो. आम्हाला 'बघा' खुपत नाही. 'हे' खुपतं. 'हे' म्हटलं की आम्ही वर्गाबाहेर."

मग ठिपक्यांची लिपी. तुला हे सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. तुझ्या घरी आलो की तुझ्या मांडीवर ते जाड पुस्तक असायचं आणि तुझी बोटं चालायची. तीस वर्षं मी ते पाहत आलो आणि एकदाही विचारलं नाही, की ताई, यातलं 'क' कसं असतं? एकदाही नाही. हसू नकोस, पण पाटीवर कागद चिमटून ते ठिपके मागच्या बाजूने टोचायचे असतात, उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटला की ते डावीकडून उजवीकडे वर येतात, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. माझं पहिलं अक्षर टोचून झाल्यावर सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "छान. पण हे अक्षर आमच्या लिपीत नाही." मी सरळ टोचलं होतं, म्हणून ते उलटं वाचलं जात होतं. अक्षरांसाठी पाटी असते, तिथे हळूहळू हात बसतो. आकृत्यांना मात्र पाटी नसते. त्यासाठी टिचकीच्या आईने मला तिचं दातेरी चाक दिलं, शिवणकामात कागदावर नमुना उठवायला वापरतात ते. रबरावर कागद ठेवायचा, मागून चाक फिरवायचं, पुढे ठिपक्यांची रेघ उठते. फक्त एक ध्यानात ठेवायचं: जे उजवीकडे हवं ते डावीकडे आखायचं. देताना ती म्हणालीसुद्धा, "उलट्या बाजूने आखताय हे विसरू नका हं सर. आमच्यात पहिल्या आठवड्यात सगळ्याजणी बाही उलटी लावतात." मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

तपासणीच्या तासाआधीचे आठ दिवस फार वाईट गेले. मी तीन आलेख तयार केले, प्रशिक्षणाच्या सरांना दाखवून घेतले, टिचकीकडून दहा वेळा करून घेतले. तिची बोटं इतकी सराईत, की ती उत्तर देऊन मोकळी व्हायची आणि बाकीचे अजून पट्टी शोधत असायचे. मी शांत व्हायला हवं होतं. पण मला रात्रंदिवस एकच चित्र दिसायचं. साहेब, फळा, आणि उभी राहिलेली मुलगी. आपल्या शाळेतल्या तपासणीचा तो दिवस तू आजवर शंभर वेळा सांगितला असशील. माझ्या लग्नात सांगितलास, भाचीच्या मैत्रिणींना सांगतेस, दवाखान्यातल्या परिचारिकांनाही सांगितला आहेस. साहेब आले, सहावीकडे वळले, नेमकं तुला उठवलं आणि म्हणाले, फळ्यावरचं वाच. आणि मग तू टाळी वाजवून म्हणतेस, "आणि माझं शेपूट नेमकं त्याच वेळी साहेबांसाठी पाणी आणायला गेलेलं! नाहीतर आज मीही मास्तरीण असते." सगळे हसतात. मीही हसतो. डोळ्यांचं बाहेर फुटलं, दुसऱ्या दिवशी अण्णांनी तुझी शाळा सोडवली, तुझं दप्तर मला मिळालं, आणि तू आठ वर्षं घरात बसून राहिलीस, पुढे ते प्रशिक्षण केंद्र मिळेपर्यंत. त्या आठ वर्षांबद्दल मात्र तू कुणाला काही सांगत नाहीस.

तासाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला. तयारीची उदाहरणं नकोत, साहेबांना संशय येतो, नवीन काढा. प्रशिक्षणाचे सर त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर गेले होते, तपासून द्यायला कुणी नव्हतं. सकाळी मी लवकर उठलो, अंघोळ केली, देवापुढे हात जोडून उभा राहिलो. मी देवाकडे फारसं काही मागत नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मागितलं, की पोरीची लाज राख. पोरीची म्हणालो, पण मनात माझीच होती बहुतेक. मग घाईघाईत चाक फिरवलं. दोन अक्ष, त्यांवर समान अंतरावर खुणा, आणि एक ठळक बिंदू: उजवीकडे तीन घरं, वर दोन. कागद गुंडाळला, तसाच पळालो.

वर्ग भरलेला. मागे दोन खुर्च्यांवर साहेब आणि मुख्याध्यापक. व्हरांड्यातल्या बाकावर टिचकीची आई, मांडीवर अर्धवट शिवलेला सदरा, पण हात हलत नव्हता. पहिली वीस मिनिटं माझ्या तोंडून एकही 'हे' गेलं नाही. फळ्यावर रेघ मारताना मी बोलत होतो, 'आडवा अक्ष, डावीकडून उजवीकडे', 'उभा अक्ष, खालून वर'. मागे बसलेल्या मुलांनाही नेहमीपेक्षा जास्त कळत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. साहेबांनी मान डोलावली. मुख्याध्यापकांकडे वाकून काहीतरी म्हणाले, आणि मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. माझ्या अंगात जणू वारं भरलं. मी फळ्यावर बिंदू काढला, टिचकीला तिचा कागद दिला आणि म्हणालो, "आता तू सांग. बिंदू कुठे आहे?"

तिने कागदावर हात फिरवला, मध्यावर बोट टेकवलं, खुणा मोजल्या आणि ताडकन उभी राहून म्हणाली, "डावीकडे तीन, वर दोन."

कुणीतरी खुदकन हसलं. फळ्यावर बिंदू उजवीकडे होता, चाळीस जणांना दिसत होता. मी म्हणालो, "पुन्हा बघ बरं." तिने पुन्हा मोजलं, या वेळी सावकाश. माझी नजर तिच्या बोटावर होती. बोट मध्यापासून डावीकडे निघालं. एक, दोन, तीन. वर वळलं. एक, दोन. आणि थांबलं, आणि त्या बोटाखाली ठिपका होता. "डावीकडेच आहे, सर." ती म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच आखलं होतं.

मला कळलं, आणि त्या खोलीत ते फक्त मलाच कळलं. पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके, मागच्या खुर्चीवरून काय दिसणार? साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "असू द्या हो मास्तर. डावं-उजवं यांना जडच जातं. तुमची मेहनत दिसतेय. उत्तम चाललाय तास. पुढे चला." मुख्याध्यापकांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, चला पुढे. सगळं इतकं सोपं होतं. मी काहीच करायचं नव्हतं. नुसतं पुढे जायचं होतं. टिचकीने मान किंचित तिरकी केली, माझ्या दिशेने, कान माझ्याकडे करून. ती वाट पाहत होती. आणि मग फार हळू म्हणाली, "माझं चुकलं असेल."

मी तेव्हाच बोललो असं मला तुला सांगायला आवडलं असतं. नाही बोललो. एक श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला. त्या दोन श्वासांत मी मार्गदर्शक शिक्षकाचं नाव कागदावर वाचलंसुद्धा. पोरीला निवासी शाळेत जास्त चांगलं शिकवतील, अशी स्वतःची समजूतही घालून झाली. माणसाचं मन किती चपळ असतं, देवा. पण तिची मान तशीच तिरकी होती. ती मान मी आधी पाहिली होती, मागून.

मी तिच्या बाकापाशी गेलो, कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणालो, "तिचं बरोबर आहे. तिच्या कागदावर बिंदू डावीकडेच आहे. मी कागदाच्या उलट्या बाजूने आखताना डावं-उजवं बदलायला विसरलो. चूक माझी आहे." साहेब उठले, कागदावरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, सत्तावीस वर्षं शिकवताय, आणि डावं-उजवं तुम्हालाच जड जातंय की!" वर्ग फुटला. सगळ्यांत मोठ्याने टिचकी हसली. "सर, सारखं बघा बघा म्हणता, आणि तुम्हीच बघितलं नाही होय?" साहेबांनी तिला तिथल्या तिथे विचारलं, की मग फळ्यावरचा बिंदू कुठे असेल? ती म्हणाली, "कागद उलटला की उजवीकडे तीन. वर दोनच." आणि पुढे, कुणी विचारलं नसताना, "वरचं बदलत नाही, साहेब. फक्त बाजू बदलते."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: विद्यार्थिनीचे आकलन उत्तम, शिक्षकाची तयारी अपुरी, शिक्षकाने प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. मुख्याध्यापकांनी खणातला अर्ज काढून माझ्यासमोर फाडला, पण माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. चाळीस शाळांना आता त्या भूगोलाच्या बाई जातात, कोंबडीवाल्या; चांगलं करतात. टिचकीची आई चाक परत घ्यायला तयार नाही. म्हणते, "राहू द्या सर, तुम्हाला अजून पुष्कळ बाह्या लावायच्यात." आणि मी पुढच्या तुकडीत पहिल्या बाकावर, पोरासोरांच्या वयाच्या शिक्षकांमध्ये, पुन्हा पंधरा दिवस उठाबशा काढल्या. या वेळी लिपी नीट शिकलो. घरी येऊन रोज सकाळी, देवाचं झाल्यावर, शाळेच्या आधी तासभर पाटी घेऊन बसायला लागलो. टकटक, टकटक. तुझी भावजय म्हणते, घरात सुतारपक्षी पाळलाय. काय लिहिता एवढं, म्हणून दोनदा विचारलं. ताईला पत्र, एवढंच सांगितलं. कागदावर हात फिरवून ती म्हणाली, "मला तर यातलं काहीच कळत नाही." मी म्हणालो, बरं आहे.

म्हणून ताई, हे पत्र असं आहे, सव्वा महिना टोचत बसलेलं, चोवीस पानांचं. तुझ्या घरात ते तुझ्याशिवाय कुणालाही वाचता येणार नाही. या पत्रातलं मला भाचीच्या तोंडून तुझ्या कानावर घालायचं नव्हतं. तिने माझ्या आवाजाची नक्कल करत ते वाचलं असतं, आणि तुला तिच्यासमोर हसावं लागलं असतं. ताई, मी पाणी आणायला गेलो नव्हतो. मी तिथेच होतो, तुझ्या पाठीमागे, नेहमीच्या जागेवर. साहेबांनी त्याआधी आमच्या चौथीची तपासणी केली होती, तू बाहेर हातपाय धुवायला गेली होतीस तेव्हा. मी सगळी गणितं बरोबर सोडवली म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि मला एक लाल-निळी पेन्सिल दिली होती. ती माझ्या मुठीत होती. तू उभी राहिलीस, फळ्याकडे तोंड करून, आणि मान किंचित तिरकी करून कान मागे दिलास. फळ्यावर चारच ओळी होत्या. मला त्या अजून पाठ आहेत. कुजबुजलो असतो आणि साहेबांनी पाहिलं असतं तर पेन्सिल गेली असती, एवढंच. भीती नव्हती ती, भीती वाटली असं मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आलो. मी श्वास रोखून बसलो, म्हणजे मी तिथे आहे हे तुला कळू नये. तू किती तरी वेळ वाट पाहिलीस आणि मग म्हणालीस, "मला येत नाही, गुरुजी." संध्याकाळी तू विचारलंस, कुठे होतास रे, आणि मी म्हणालो, पाण्याला. तुला दिसत नाही म्हणून मला ते म्हणता आलं. पेन्सिल मी कधीच वापरली नाही, आडात टाकली. या पानावर काही जागी चुकलेले ठिपके नखाने दाबून बसवलेत, पण तुझ्या बोटाला ते लागतीलच; लागू देत. माफ कर असं लिहिण्याचा माझा हक्क नाही, म्हणून ते टोचलेलं नाही. आता तो किस्सा तू कुणाला सांगशील तेव्हा खरा सांग, नाहीतर सांगू नकोस, तुझी मर्जी. उत्तर द्यावंसं वाटलं तर फोन करू नकोस, ठिपक्यांत लिही. मला अजून वेळ लागतो, एका ओळीला चार-चार मिनिटं. पण मी बोट ठेवून वाचीन, सगळ्या ओळी वाचीन, आणि मोठ्याने वाचीन.

तुझंच,
शेपूट